तखफीफ मंजूर

माझं मराठी ऐकून लोक अजून हसतात. हसू देत. माझं सगळं शिक्षण हैदराबादेत, मुलींच्या मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दूतून झालं. वडील तिथे सरकारी दफ्तरात कारकून होते. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मराठी बोलता यायचं, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. आणि अशा मला एका मराठी शाळेनं मास्तरीण म्हणून ठेवून घेतलं! शाळेत मुली यायला लागल्या होत्या आणि शिकलेली बाई गावात शोधून सापडत नव्हती, एवढंच त्यामागचं कारण.

शाळा खाजगी होती. निजामाचं राज्य, सरकारी शाळांत सगळं उर्दू. आपल्या पोरांनी आपल्या भाषेत शिकावं म्हणून गावातल्या वकील-व्यापाऱ्यांनी कमिटी करून ही शाळा काढलेली. सरकारातून थोडी इमदाद मिळायची, म्हणजे मदत, आणि बाकीचं कापसाच्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर चालायचं. कमिटीचे अध्यक्ष एक नामांकित वकील. मातृभाषेवर बोलायला उभे राहिले की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं, खोटं कशाला बोलू? त्या पाण्याचा मला आज संताप येतो.

मराठी शिकवायला एक वयस्कर गुरुजी होते, मूळचे कंधारचे. शाळा सुरू झाली तेव्हा तिला इमारत नव्हती की पगार नव्हता. एका देवळाच्या ओसरीत गुरुजींनी पहिला वर्ग भरवला, घरोघर हिंडून पोरं गोळा केली. आमच्याकडची बोली म्हणजे अर्धी उर्दू. पोरगं "गुरुजी, वखत झाला" म्हणालं की हे कान धरून "वेळ" म्हणायला लावत. 'जरूर' नाही, 'अवश्य'. 'मंजूर' नाही, 'मान्य'. आणि कुठलाही जोडशब्द आला की त्यांचं ठरलेलं, "समास सोडवा!" शब्द उसवून आतलं अस्तर बघायची त्यांना भारी हौस. मला म्हणायचे, "बाई, तुमच्या मराठीला अत्तराचा वास येतो." मी चिडायचे. पण मधल्या सुट्टीत माझं शुद्धलेखन तेच तपासून द्यायचे, कुणाला पत्ता न लागू देता.

त्यांच्या बायकोला दमा होता. बोळातल्या हकीमसाहेबांचं औषध चालू असायचं. औषध घेऊन आले की गुरुजी मला आपणहून सांगायचे, "हकीमसाहेब नाडी बघून म्हणाले, तखफीफ आहे." म्हणजे उतार आहे, त्रास हलका झालाय. गुरुजींनी आपल्या तोंडात राहू दिलेला हा एवढाच उर्दू शब्द, कारण तो घरात चांगली बातमी घेऊन यायचा. मला सांगायचंय ते याच शब्दाबद्दल, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

जर्मन-जपानच्या लढाईचे दिवस आले. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. सरकारनं इमदाद कमी केली आणि ते निमित्त करून व्यापाऱ्यांनीही हात आखडता घेतला. शाईत पाणी पडायला लागलं. पोरांच्या पाट्यांवरची अक्षरं दिसायची, पण वह्यांतली दिसेनात. खडू संपत आला तरी चिमटीत धरून लिहायचा. हे सगळं आम्ही हसत केलं. मग बातमी फुटली की कमिटी एक मास्तर कमी करणार. कोण, ते कुणी सांगायची गरज नव्हती. गुरुजींनी उर्दूची परीक्षा दिलेली नव्हती, वय झालेलं, आणि सगळ्यात जुने म्हणून पगार आमच्यापेक्षा जरा बरा. गुरुजी कुणाजवळ रडले नाहीत. फक्त एकदा व्हरांड्यात मला म्हणाले, "बाई, वर्गात नसलो तर मी दिवसभर करीन काय?" 

आम्ही मास्तरांनी एकत्र यायचं ठरवलं. पण एकत्र यायचं म्हणजे काय सोपं होतं? सभेला सरकारची परवानगी लागे, आणि मास्तरांची संघटना म्हटली असती तर दारात पोलीस. गणिताचे मास्तर भोकरकडचे, तरणेबांड आणि तोंडाळ. ते म्हणाले, "हुर्डा खायाला तर परवानगी लागत न्हाई ना?" झालं. एका पोराच्या बापाचं आसना नदीच्या काठी शेत होतं, तिथे आम्ही हुर्ड्याला गेलो. आगटीभोवती बसून, हात काळे करत, आमची बैठक झाली. मागणी एकच. माणूस काढायचा नाही. पैसे कमी पडतात ना, सगळ्यांच्या पगारातून थोडं थोडं कापा, आमची ना नाही. पण गुरुजी राहिले पाहिजेत. गुरुजी खाली मान घालून कणीस चोळत होते. ते एवढंच म्हणाले, "माझ्यापायी तुमच्या पोराबाळांच्या तोंडचं नका काढू." कुणी ऐकलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे फार चांगले वागलो.

मी म्हटलं, वकीलसाहेबांकडे बोलायला मीही येते. मग हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमची तिळाची चटणी फर्मास झालीय." हे माझ्या बोलण्याचं उत्तर! तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, चटणी तुम्ही खा, मी येणार.

पहिल्या खेपेला वकीलसाहेबांनी आम्हाला पडवीत बसवून ठेवलं आणि पक्षकार आलेत म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्यागावर व्याख्यान दिलं. शाळा म्हणजे देशकार्य, देशकार्यात पगाराची भाषा शोभत नाही, वगैरे. व्याख्यान देताना ते बदामाचा शिरा खात होते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमचे गणिताचे मास्तर मात्र हटले नाहीत. "साहेब, पगार कापा, पण माणूस ऱ्हाऊ द्या," एवढंच ते परत परत सांगत राहिले. विचार करतो, असं शेवटी वकीलसाहेब म्हणाले.

तिसऱ्या खेपेला बोलणी व्हायची होती. आम्ही पायऱ्या चढलो तर वकीलसाहेब मला बघून उठलेच. "या, या बाई! अगं, बाई आल्यात गं!" अशी आत हाक मारली. म्हणजे मी बैठकीत बसायचं नाही, आत जायचं. मी हेडमास्तरांकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते. गुरुजी हळूच म्हणाले, "जा बाई, उगाच वितुष्ट नको." गेले. वकिलीणबाईंनी पाट दिला आणि मेथीची जुडी पुढ्यात टाकली. बोलणी बाहेर चाललेली आणि मी आत मेथी निवडतेय. बाहेरचं नुसतं गुणगुणणं कानावर येई, शब्द एक समजत नव्हता. वकिलीणबाई बिचाऱ्या भल्या होत्या. त्या त्यांच्या सुनेचं बाळंतपण सांगत होत्या आणि मी भिंतीला कान लावून हं हं करत होते.

खूप वेळानं बाहेर वकीलसाहेबांचा आवाज चढला, काहीतरी विचारल्यासारखा. आणि लगेच आमच्या मंडळींचा एकदम गलका झाला, "मंजूर! मंजूर!" त्यातही गुरुजींचा आवाज सगळ्यांच्या वर. मला हसूच फुटलं. मान्य नाही, मंजूर! आता चांगली चेष्टा करते यांची, असं मनात म्हटलं. मेथी तशीच टाकून उठले. वकिलीणबाई म्हणाल्या, "ठरलं वाटतं. चहा ठेवते."

चहा झाला, पानसुपारी झाली. आम्ही बाहेर पडलो तर जो तो खुशीत. गणिताचे मास्तर रस्त्यानं नाचायचे तेवढे बाकी होते. "बाई, फत्ते! लई ताणलं, पण शेवटाला वकीलसाहेब वाकले."

"काय ठरलं, सांगा तरी."

गुरुजी म्हणाले, "तखफीफ." आणि इतके गोड हसले, की ते हसू मी अजून विसरले नाही.

मी जागच्या जागी थांबले. "कशाची तखफीफ?"

"कशाची म्हंजी?" गणिताचे मास्तर म्हणाले. "पगाराची की! थोडा कमी घ्यायचा."

"वकीलसाहेब 'पगाराची' म्हणाले का?"

"आता त्येच तर बोलणं चालू हुतं इतका वेळ."

"ते मला माहीत आहे. शेवटी विचारलं काय, ते सांगा. शब्द काय होते?"

कुणाला आठवेना. मग हेडमास्तर खाकरले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर मग मंडळी, तखफीफ मंजूर? असं म्हणाले."

हैदराबादेत आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते, वडिलांच्याच दफ्तरात. ते तखफीफमध्ये आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेरवानी घालून, बटणं लावून, ओट्यावर बसून राहिले, कारण जायला कुठे नव्हतं. हकिमाची तखफीफ म्हणजे उतार. दफ्तरातली तखफीफ म्हणजे जागा मोडणं, माणूस घरी पाठवणं. दफ्तरवाल्यांच्या घरांत वाढलेल्या पोराबाळांनाही हे ठाऊक असतं. नांदेडच्या बोळात राहून पोरांकडून 'वेळ' आणि 'अवश्य' घोकून घेणाऱ्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? उर्दू शिकवायला येणारे मौलवीसाब तासापुरते येत, त्यांची जागा शिक्षण खात्यानंच बांधून दिलेली, ते या भानगडीत नव्हते. आणि मी, जिला ठाऊक होतं, ती मेथी निवडत होते.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मागे फिरा. पगाराची तखफीफ, असं त्यांच्या तोंडून वदवून घ्या. गणिताचे मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही उगं शंका काढून राहिल्या." हेडमास्तर म्हणाले, उद्या बघू. खात्याशी सगळा उर्दू पत्रव्यवहार हाच माणूस करायचा. त्यांना तो शब्द माहीत नव्हता, असं कुणी मला शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. आणि गुरुजी? गुरुजी मलाच समजवायला लागले. "बाई, ते काही परके नाहीत. आपली भाषा बोलणारी माणसं आहेत. असं करणार नाहीत."

गिरणीचा भोंगा झाला, कामगार रस्त्यावर आले, त्या गर्दीत आम्ही पांगलो.

पुढच्याच आठवड्यात, सकाळची प्रार्थना संपल्यावर हेडमास्तरांनी गुरुजींना बाजूला बोलावलं आणि महिनाअखेर तुमची जागा मोडते असं सांगितलं. आम्ही सगळे तसेच उठून वकीलसाहेबांकडे गेलो. या वेळी मी आत गेले नाही. वकीलसाहेब शांत होते. म्हणाले, "मी स्पष्ट विचारलं. चार माणसांसमोर तुम्ही मंजूर म्हणालात. गुरुजी तर सगळ्यांत आधी म्हणाले. तखफीफ हा खात्याचाच शब्द आहे, मी का पदरचा काढला?"

गणिताचे मास्तर ओरडले, "मग आमचा पगार? त्यो तरी कापू नका!"

"तो तुम्ही आपणहून देऊ केला होता. कमिटीनं आभार मानून स्वीकारला आहे."

म्हणजे पगारही गेला आणि गुरुजीही गेले! गणिताचे मास्तर तोंड उघडं टाकून उभे. माझा तोल सुटला. ज्या जबानीत त्यांनी आम्हाला फसवलं, त्याच जबानीत मी बोलले. "वकीलसाब, लफ्ज आपने बहुत सोच-समझके चुना. एक बूढे उस्ताद को उसीकी जुबान से कत्ल करवाया आपने." वकीलसाहेबांनी क्षणभर डोळे बारीक केले, मग हसले. "वा बाई! काय सुरेख उर्दू आहे तुमची. आत या, चहा घ्या."

हे असं असतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे काय केलं आम्ही, असं कुणी विचारलं तर सांगते. काही नाही. दोन दिवस धुसफुसलो. शाळा बंद पाडू, असं गणिताचे मास्तर म्हणाले. पोरांचं नुकसान, असं हेडमास्तर म्हणाले. मग घंटा झाली आणि आम्ही वर्गात गेलो. हुर्ड्याच्या दिवशीचा चांगुलपणा तिथेच आगटीत राहिला.

गुरुजी शेवटच्या दिवशीही रोजच्यासारखेच शिकवून आले. फळा स्वतः पुसला. मी दाराशी उभी होते. म्हटलं, "घरी काय सांगितलंत?"

"सांगितलं, तखफीफ झाली."

"मग?"

"ती म्हणाली, बरं झालं."

गुरुजींची लेक लातूरला दिलेली होती. ते बायकोला घेऊन तिकडे गेले. गंजातल्या, म्हणजे बाजारातल्या, एका आडत्याच्या पोरांची शिकवणी मिळाली, दुकानाच्या माडीवर, मिरचीच्या पोत्यांशेजारी. पोरं शिंकायची आणि गुरुजी शिकवायचे. त्या मिरचीनं बायकोचा दमा बळावला आणि पुढच्या हिवाळ्यात ती गेली. हे मला नंतर कळलं, आमच्या ह्यांना त्यांच्या मालकानं लातूरच्या सरकीच्या पेढीवर पाठवलं आणि आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं तेव्हा. मी जायची गुरुजींकडे अधूनमधून. पहिल्यासारखं बोलणं होत नसे. माझी चूक काढायचंही त्यांनी सोडलं होतं. मी मुद्दाम 'जरूर' म्हणून बघायची, पण ते नुसते मान हलवत.

मग रझाकारांचा धुमाकूळ, शाळा बंद, निम्मा गाव सरहद्दीपलीकडे, ते सगळं झालं. आणि एक दिवस निजामाचं राज्य गेलं. रातोरात पाट्या बदलल्या. काल उर्दू मिरवणारे आज संस्कृत शब्द शोधायला लागले. आमचे वकीलसाहेब तर काय, मातृभाषेसाठी झिजलेले म्हणून त्यांचे गावोगाव हार-तुरे. लातूरला सत्कार झाला तेव्हा मी मागच्या रांगेत होते. सभा संपल्यावर त्यांनी मला ओळखलं, स्वतः जवळ आले, हात जोडले. म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरा. आता आपलं राज्य आहे. शाळेत मराठी शिकवायला माणसं नाहीत. गुरुजींना निरोप द्या, मानद शिक्षक म्हणून कमिटी त्यांना परत बोलावते आहे."

मानद! काय सांगू, मला भरून आलं. इतका मान! पाप फेडतोय माणूस, असं वाटलं. घरी न जाता तशीच गंजात गेले. वाटेत पेढे घेतले. माडीचा जिना चढताना धाप लागली तरी थांबले नाही.

गुरुजी पोरांची उजळणी घेत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पोरांना खाली पाठवलं आणि म्हणाले, "बाई, शब्द नीट सांगा. काय म्हणाले?"

"मानद शिक्षक."

"समास सोडवा."

किती दिवसांनी ते ऐकलं! मला हसू आलं. शाळकरी पोरीसारखी उभी राहिले आणि म्हटलं, "मान देणारा, तो मानद."

"बरोबर. म्हणजे देणारा मीच," गुरुजी म्हणाले. "आणि पगार?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो कुठे ठेवावा, मला कळेना. नव्या राज्यातलं नवं मराठी, ते मला कुठून कळणार? 'तखफीफ' या शब्दानं ते फसले, तशी 'मानद' या शब्दानं मी फसले. मला वाटलं, आता तरी हे चिडतील, पुडा खाली भिरकावतील, त्या वकिलाला चार शब्द ऐकवायला सांगतील. मी तोंडपाठ करून तसंच्या तसं ऐकवलं असतं, देवाशप्पथ.

"काय कळवू मग?" मी विचारलं.

गुरुजींनी खिडकीतून खाली पाहिलं. पोरं पोत्यांवर उड्या मारत होती. त्यांच्या शर्टाच्या बाह्यांना मिरचीची पूड लागलेली होती.

"वर्ग कोणता देणार, ते म्हणाले का?"

"नाही."

"असू दे," ते म्हणाले. मग अगदी शुद्ध, पोरांना म्हणायला लावायचे तसं म्हणाले, "मान्य."